शेडची मागची बाजू आणि कोरा टॉवेल

माझा हात शेडच्या मागं कोपरापर्यंत अडकला होता. ब्रश आत पडला तो वेगळाच. बाजूला उभ्या काकू विचारत होत्या, "पोरी, साबण आणू का?"

मी लाकडाला औषध मारायचं काम करते, म्हणजे ते पावसात कुजू नये म्हणून रंगासारखं द्रावण लावते. घरातलं फर्निचर नाही हं, उघड्यावरचं लाकूड. गेट, झोपाळे, बागेतल्या शेड. ही शेड जुळे सोलापुरात, एका बंगल्याच्या मागं. काकू आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी शिलाई मशीन या शेडमध्ये मांडलं आणि आता दिवसभर तिथंच. घरात करमतच नाही म्हणे!

घोळ असा, की शेड बनवणाऱ्यानं ती आधी कंपाउंडच्या भिंतीजवळ बोल्टनं फिक्स केली आणि मग रंगवली. तीन बाजू मस्त चकाचक. चौथी कोरी! मधे गॅप फक्त चार इंच. पावसात तिथं ओल धरली आणि फळ्यांवर बुरशी आली.

काकूंचा मुलगा श्रीनिवास वैतागला होता. "मॅडम, शनिवारपर्यंत जमलं तर बघा. नाहीतर रविवारी ही काढून पत्र्याची शेड मारायची. माणूस सांगून ठेवलाय."

"पत्र्यात बसू मी? सोलापूरच्या उन्हात?" काकू कडाडल्या. "आईला भाजून खाणार काय रे?"

साबण लावून हात एकदाचा सुटला. आता हातात दोन दिवस. पहिल्या दिवशी लांब काठीला प्लास्टिकचा ब्रश बांधून बुरशी घासली, फॅन लावून गॅप वाळवला. ओल्या लाकडात औषध मुरत नाही, म्हणून हे आधी. मग काठीला रंगाचा ब्रश बांधला. मधल्या फळ्यांपर्यंत पोचेस्तोवर कोरडा! स्प्रे मारला तर अर्धं औषध भिंतीवर, उरलेलं माझ्या गॉगलवर.

आणि मग आयडिया आली! गॅपमध्ये बसेल अशी लांब उशी करायची, तिला टॉवेल गुंडाळायचा, औषधात बुडवायची आणि दोन्हीकडून दोरीनं ओढायची. जाडीमुळं टॉवेल लाकडावर आपोआप दाबला जाणार. भिंतीनं औषध पिऊ नये म्हणून त्या बाजूला जुना फ्लेक्स सोडला, कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा. मी धावत जाऊन नवाकोरा जाड टॉवेल आणला. काकूंनी उशी शिवून दिली. शनिवारी सकाळी एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला श्रीनिवास.

"ओढा!"

ओढलं. मोबाईल सेल्फी स्टिकला लावून आत व्हिडिओ काढला. लाकडावर नुसते ओघळ! टॉवेलनं औषध धरलंच नव्हतं. सगळं खाली गळून गेलेलं.

मी उशी बाहेर ओढून काढली. श्रीनिवासनं खिशातून फोन काढला. "त्या पत्र्यावाल्याला कन्फर्म करतो मग."

काकूंनी टॉवेल दोन बोटांत चोळला आणि हसायलाच लागल्या. "अय्यो! हा कोरा हाय की गं! कोरा टॉवेल पाणी पीत न्हाय. वरचं फिनिशिंग जायला दोन-चार धुणी व्हावी लागतात. सोलापूरची पोरगी ना तू?"

माझं औषध पाण्यात मिसळलेलं. म्हणजे कोरा टॉवेल तेही पिणार नाहीच की!

"श्रीनिवास, फोन ठेव. तुझा आंघोळीचा टॉवेल आण."

"आई, तो माझा..."

"आण म्हणते ना!"

धुवून धुवून मऊ झालेला टॉवेल आला. काकूंनी उभ्या उभ्या टाके घातले. बुडवला, ओढला, परत ओढला. व्हिडिओ बघितला आणि मी किंचाळलेच! फळ्या एकसारख्या गडद, सांध्यांत पण औषध गेलेलं. फ्लेक्सवरचे भाऊ तेवढे चॉकलेटी झाले. जेवून दुसरा हात मारला. तोवर श्रीनिवास इतका रंगात आला होता, की "अजून एकदा ओढू का?" म्हणून तोच मागं लागला.

संध्याकाळी त्यानं पत्र्यावाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. काकू आत मशीनवर बसल्या होत्या. त्याच्यासाठी नवा टॉवेल शिवत होत्या.

आता गिऱ्हाईक नवीन शेड घ्यायची म्हणालं, की मी एवढंच सांगते: भिंतीजवळ ठेवायच्या आधी मागची बाजू रंगवून घ्या.