केल्टांची नखं आणि शेवळांची भाजी

ऐंशीच्या दशकात आम्ही बोईसरच्या कॉलनीत राहत होतो. हे कामावर आणि मुलं शाळेत गेली की दुपार माझी एकटीची. कॉलनीच्या वाचनालयात केल्ट लोकांवरचं एक जाडजूड सचित्र पुस्तक होतं. माझ्याशिवाय ते कुणी नेत नसे. समुद्राकडून खारं वारं यायचं, डोळे जडावायचे, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीची ती युरोपातली माणसं माझ्या खिडकीखालून सावकाश चालत जायची.

त्यांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नव्हतं, सगळं तोंडपाठ. लिहिलं ते ग्रीकांनी आणि रोमनांनी: हे दारूत पाणीसुद्धा घालत नाहीत, जेवता जेवता हमरीतुमरीवर येतात. पुढे जमीन उकरली, तर एका सरदाराच्या थडग्यात सोनं होतंच, शिवाय मासे धरायचे गळ आणि नखं कापायचं हत्यारही होतं. त्या नखांनी मला वेड लावलं. चार दिवस पाहुणे म्हणून जाऊन वाट्टेल ते लिहिणाऱ्या त्या लोकांचा मला अस्सा राग यायचा!

मनोरकडच्या एका पाड्यावरून एक बाई रानभाजी विकायला यायची. माझ्या पायरीवर टेकायची, पाणी प्यायची. निघताना तिची टोपली डोक्यावर चढवायला मी हात लावायची. पेंगुळलेल्या डोळ्यांना ती त्या पुस्तकातूनच उतरून आल्यासारखी वाटे. एकदा तिने शेवळं दिली, वर मूठभर हिरवी आंबट फळं. मी साताऱ्याकडची. मला वाटलं, मुलांना खाऊ दिला असेल. मुलांनी एकेक चावून तोंडं वाकडी केली, मी बाकीची फेकून दिली. भाजी खाल्ली आणि सगळ्यांचे घसे खाजून खाजून लाल झाले.

गणपतीत कॉलनीचं हस्तलिखित निघालं. त्यात मी यावर झकास विनोदी लेख लिहिला: डोंगरातल्या लोकांचे घसे पत्र्याचे असावेत, वगैरे. बायका पोट धरधरून हसल्या. मी आठवडाभर हवेत होते.

पुढच्या वर्षी शेवळांच्या दिवसांत ती भरल्या टोपलीनिशी माझ्या पायरीवर येऊन बसली.

"बाय, औंदा कोनी शेवळं घेत नाय. काय झाला?"

माहीत नाही म्हणून मोकळी झाले असते. पण ते पुस्तक मांडीवरच होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं सांगून टाकलं, फेकलेल्या आंबट फळांपासून लेखापर्यंत.

"काकडं फेकलीव?" ती म्हणाली. "ती भाजीत घालाची. त्यांनी खाज जाते."

मग बराच वेळ ती टोपलीतली शेवळं सारखी करत राहिली.

"मी तं हितंच बसते, बाय. मना का नाय इचारला?"

मी उठून टोपलीला हात लावायला गेले. तिने ती एकटीनेच डोक्यावर घेतली.