फ्रेहाच्या मेजावरचं मीठ

दिमोना या वाळवंटातल्या गावात माझ्या भिंतीपलीकडे फ्रेहा राहते. ती मोरोक्कोहून आली, मी कोकणातून; दोघंही यहुदी. दोघांचेही संसार याच इमारतीत झाले आणि आता दोघंही एकटे आहोत. तिच्याबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. इतक्या वर्षांत कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो आहे.

शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, संपून रविवार उजाडला की फ्रेहा पुढच्या शुक्रवारच्या जेवणाला लागते. त्या संध्याकाळी तिच्या मेजावर अकरा माणसं असतात आणि त्यांतल्या कुणा दोघांची जीभ सारखी नाही. थोरल्या निस्सीमला माशाच्या रश्शात लाल मिरची इतकी हवी की डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. धाकट्या प्रॉस्परला तिखट सोसत नाही, पण लसूण दुप्पट लागतो. लेक गेऊला हिचा नवरा झ्वी पोलिश घरातला; त्याला मासा गोडसर हवा. "माशाला साखर!" फ्रेहा दर आठवड्याला म्हणते. "त्या बिचाऱ्याने असं काय पाप केलं होतं?" असं म्हणते आणि साखर घालते. नात नोगाने मांस सोडलं आहे, तर तिच्या भरल्या भाज्यांचं भांडं वेगळं आणि त्या भांड्याचा चमचाही वेगळा. यातलं काहीही कागदावर लिहिलेलं नाही.

आणि हे सगळं करणाऱ्या बाईला गेली दोन वर्षं चव लागत नाही.

एका हिवाळ्यात ती तापातून उठली, तेव्हा चव आणि वास दोन्ही गेले होते. मुलांना तिने ते कळू दिलं नाही. त्याच महिन्यात एका शुक्रवारी मासा खारट झाला. गेऊला म्हणाली, "आई, आता पुरे. पुन्हा असं झालं तर ज्याने त्याने आपापल्या घरी जेवायचं. तुझे हाल बघवत नाहीत." बोलली ती मायेनेच. पण निस्सीम आणि प्रॉस्पर सहा वर्षं एकमेकांच्या घरची पायरी चढलेले नाहीत. ते भेटतात ते याच मेजावर.

दुसऱ्या दिवशी फ्रेहा माझ्या दारात उभी. "हस्केल, मेज मोडलं तर माझी मुलं एकमेकांना माझ्या मातीलाच भेटतील. तू येऊन चाखत जा."

पहिल्यांदा चाखलं तेव्हा मी घाबरून म्हणालो, "छान आहे."

"छान तर झ्वीसुद्धा म्हणतो. मीठ सांग!"

तेव्हापासून दर शुक्रवारी शब्बाथच्या मेणबत्त्या लागायच्या तासभर आधी मी तिच्या स्वयंपाकघरात जायचो. मी फक्त मीठ सांगायचो. बाकीचं सगळं ती आठवणीने करायची. लसूण किती तळला ते तिला आवाजावरून कळायचं आणि रस्सा किती आटला ते पळी उचलताना मनगटाला. एकेका भांड्यावर वाकून ती पुटपुटायची, "हे निस्सीमला आवडेल. हे जरा बोचेल त्याला." तिच्या तोंडात स्वतःची जीभ उरली नव्हती, पण अकरा जणांच्या जिभा होत्या. मी चमचा हातात धरून नुसता बघत राहायचो.

मार्चअखेरच्या एका शुक्रवारी मी घोळ घातला. आमच्या प्रार्थनामंदिराच्या पत्रकात मेणबत्त्यांची वेळ साडेसहा होती. मी माझ्या भिंतीवरच्या घड्याळात बरोबर साडेपाचला पलीकडे गेलो. दार उघडलं तर मेणबत्त्या लागलेल्या, सगळी भांडी तापत्या पत्र्यावर झाकून ठेवलेली आणि फ्रेहाच्या डोक्याला पांढरा रुमाल.

"घड्याळ पुढे केलंस का?" तिने हळूच विचारलं.

त्या पहाटे सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे गेली होती. माझं तेवढं राहिलं होतं.

"दोनदा भिंत ठोकली मी."

"मी न्हात होतो गं. मिठाचं काय केलंस?"

"आत ये आणि गप्प बस."

मेणबत्त्या लागल्या की शब्बाथ सुरू; मग पत्र्यावरच्या भांड्यात काही घालता येत नाही.

द्राक्षारसावरचा आशीर्वाद झाला. निस्सीमने भाकरी तोडली, मिठात बुडवून सगळ्यांना वाटली. मग मासा आला. पहिला घास झाला. गेऊलाने चमचा खाली ठेवला.

"आई, मीठच नाही यात."

"कशातच नाही," फ्रेहा म्हणाली. "जास्त पडलं असतं तर काढता आलं नसतं. ते भाकरीचं मीठ आहे ना समोर, आपापलं घ्या." मग ती म्हणाली, "मला चव लागत नाही. दोन वर्षं झाली. दर शुक्रवारी हस्केल चाखतो, आज त्याचं घड्याळ मागे राहिलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताटात बघत होतो.

प्रॉस्पर म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं आम्ही हिंदुस्थानी जिभेवर जेवतोय?"

निस्सीमने चिमूटभर मीठ घातलं, घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचंच असावं. प्रॉस्परच्या ताटात तिखटाचा कण नव्हता. झ्वीचा मासा गोड होता. एका मिठावाचून कुठेही काही चुकलं नव्हतं. गेऊला एकेकाच्या ताटातला चमचाभर रस्सा चाखत सगळ्या मेजाभोवती फिरली आणि आईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"पुढच्या शुक्रवारपासून," ती म्हणाली, "चाखायला मी येणार."

"तू?" फ्रेहा उसळली. "झ्वीने पार बिघडवली तुझी जीभ! निस्सीमच्या भांड्याचं तुला काय कळणार?"

"मग निस्सीमलाही येऊ दे. ज्याने त्याने आपलं भांडं चाखावं."

"मला दुकान बंद करून यावं लागेल," निस्सीम कुरकुरला.

"मी बाराला निघतो," प्रॉस्पर माशातून मान वर न काढता म्हणाला. "तुझ्या दारावरूनच रस्ता आहे."

निस्सीमने नुसती मान डोलावली. फ्रेहा तोपर्यंत मांसाचं भांडं आणायला उठली होती.