रस्त्याकडेचा घेवडा

कॅनडात लेकीनं रस्त्याला लागून तुकडाभर शेत केलं आहे. तिथल्या घेवड्याची पानं कडेनं करपली होती. "खत कमी पडलं, आई," जावई म्हणाले. रस्त्याकडेच्या चरातलं पाणी ते वेलांना घालत होते. मी त्यात बोट बुडवून चाटलं.

"अगं आई, थुंक ते आधी!" लेक ओरडली.

"खारट आहे," मी म्हटलं.

गाड्या घसरू नयेत म्हणून इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळला की ते चरात उतरतं. आमच्या गावी उसाला पाणी पाजून पाजून जमिनी मिठानं पांढऱ्या पडल्या. तिथे हाव होती, इथे जिवाची काळजी आहे.

चरातलं पाणी बंद करून घेवडा मी रस्त्यापासून लांब पुन्हा पेरला. लेक बर्फातही कामावरून सुखरूप घरी येते. मीठ पडू दे.