पहिल्या पेल्याचं पाणी

नातेवाईक तिला डॉक्टरीणबाई म्हणत आणि भेटलं की आपला दुखरा गुडघा पुढे करत. "मी माणसांची नाही, रेणूंची डॉक्टर," असं ती सांगायची. "मग त्यांचे तरी गुडघे बरे करतेस का?" असं मावशीनं एकदा विचारलंही होतं.

तिचा सगळा जीव एका धाग्यात अडकला होता. डीएनएचा आखूडसा धागा, प्रयोगशाळेत अक्षराला अक्षर जोडून बनवलेला, कुठल्याही डोळ्याला न दिसणारा. पाण्यात शिसं असलं की तो त्याच्याभोवती घडी घालून बसायचा, आणि घडी पडली की त्याच्या टोकाला लावलेला रंग हिरवा उजळायचा. ना डोळे, ना मेंदू, तरी एवढ्या गर्दीतून हा पठ्ठ्या नेमकं शिसं हुडकायचा. इतकी वर्षं झाली, पण यंत्रावर हिरवा ठिपका दिसला की तिच्या अंगावर अजूनही काटा यायचा.

अडलं होतं ते एकाच ठिकाणी. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात धागा शहाण्यासारखा वागे. पण स्वच्छ नळाचं पाणी म्हणून ती रोज सकाळी घरून बाटली भरून नेई, आणि त्यात तो खुशाल उजळे. नळाच्या पाण्यातले क्षार याला फसवतात, असं तिनं ठरवून टाकलं. तसं होतंही, साध्या क्षारांनीसुद्धा असे धागे कधीकधी घडी घालतात. विभागप्रमुखांचा धीर सुटत चालला होता.

"शिसं नसताना शिसं म्हणणारा धागा लोकांच्या घरी कसा पाठवायचा?" ते म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत बघा. नाहीतर हे काम आवरतं घेऊ."

मग ती हात धुऊन धाग्याच्या मागे लागली. इथलं अक्षर बदल, तिथलं गाळ, पुन्हा घरचं पाणी घाल. नवा धागा आला की तोही उजळायचा. घरी जेवताना लेक काय सांगतेय याकडेही तिचं लक्ष नसायचं. आमटीत मीठ नाही हे नवऱ्यानं सांगितल्यावर कळायचं. अखेर एक धागा असा निघाला की घरच्या पाण्यात त्याचा उजेड जवळजवळ विझला.

"आई, आला एकदाचा वठणीवर," तिनं सासूबाईंना सांगितलं. त्यांना काय वठणीवर आलं ते कळलं नाही, पण सून हसली म्हणून त्याही हसल्या.

दुसऱ्या दिवशी गडबडीत ती बाटली भरायलाच विसरली. दुपारी सासूबाईंनी भरून दिलेली बाटली नवऱ्यानं आणून दिली. तुलनेसाठी तिनं फ्रीजरमधून अगदी पहिला धागा काढला, तो खोटारडा, आणि त्यात ते पाणी घातलं.

उजेड नाही. ठेवून ठेवून मेला असेल, असं वाटून तिनं त्यात मुद्दाम शिशाचा थेंब सोडला. तो लख्ख उजळला. म्हणजे धागा जिवंत होता. तिनं घरी फोन लावला.

"आई, आजचं पाणी कुठून भरलंत?"

"आपल्याच नळाचं गं. सगळी भांडी घासून झाली, मग भरलं. घाण होतं का?"

"नाही. स्वच्छ होतं," ती म्हणाली.

नळ तोच. क्षारही तेच, सकाळी काय नि दुपारी काय. फरक एवढाच, की सकाळचं पाणी रात्रभर भिंतीतल्या जुन्या नळीत मुरलेलं असायचं, आणि भांडी घासेपर्यंत ते वाहून जायचं. धागा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता, आणि ती कित्येक दिवस त्याला गप्प बसायला शिकवत होती. मग तिला पेला आठवला. लेकीनं उठल्याउठल्या नळाखाली पेला धरायचा आणि गटागटा प्यायचा, हा घरातला एकुलता एक कडक नियम. तो तिनंच घातला होता.

प्लंबरनं भिंत फोडली तेव्हा करडी, नखानं ओरखडा उठेल इतकी मऊ, शिशाची नळी निघाली. लेकीच्या रक्तात शिसं सापडलं. "वेळेत कळलं, उतरेल," खरे डॉक्टर म्हणाले. "कळलं कसं तुम्हाला?"

"एकानं सांगितलं," ती म्हणाली. "मीच ऐकत नव्हते."

वठणीवर आणलेला धागा तिनं फेकून दिला. विभागप्रमुखांपुढे दोन बाटल्या ठेवल्या, सकाळची आणि दुपारची, आणि पहिल्या धाग्याला बोलू दिलं. सकाळच्या पाण्यात तो उजळला, दुपारच्या पाण्यात नाही. काम आवरायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नवी नळी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पेला घेऊन नळापाशी उभी होती. हातातला पेला भरलेला, पण ओठाला लावलेला नव्हता.

"आई, पिऊ?"

"थांब. आधी त्याला विचारू."

तिनं छोटं यंत्र ओट्यावर ठेवलं आणि पेल्यातला थेंब आत सोडला. दोघी यंत्रावर वाकल्या. ठिपका काळाच राहिला.

"हं," ती म्हणाली, "आता पी."