मास्तरांच्या तोंडी उरलेला शब्द

जाफराबादच्या सरकारी शाळेत मार्तंडमास्तर इंग्रजी शिकवत. लांबलचक शब्द आला की ते त्याचे तुकडे पाडत आणि जोराच्या तुकड्याला टेबलावर रूळ आपटत. एग्-झॅ-मि-ने-शन. ‘ने’वर रूळ. घर शाळेच्या भिंतीला लागूनच. त्यांच्या पत्नीला, अरुंधतीबाईंना, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण भाकरी थापताना त्यांचा हात नेमका त्या ठोक्याला पडे.

बेचाळीस साली मास्तरांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा बसली. हकीमसाहेबांनी चोळायला तेल दिलं.

बाईंनी मनाशी धरलं, तुकडे पाडले तर शब्द येईल. मांडीवर थाप मारत त्या म्हणत, “पा-णी. म्हणा, पा...” मास्तर घामाघूम होत. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी थाप पडली आणि मास्तर खणखणीत बोलले, “एग्झॅमिनेशन!”

शेजारचा पुंजाराम धावत आला. “वैनी, मास्तर बोलून राह्यले! मंग आता बिलकुल बरे होत्यात बघा.”

कसलं काय! तहान लागली तरी तोच शब्द, राग आला तरी तोच. बाई सुरावरून ओळखू लागल्या. श्रावणात तोही झिजला. “ने... ने...” एवढंच म्हणत मास्तर डावा हात दाराकडे करत.

“अहो, त्या शब्दातलं ने, का मला न्यायला सांगताय? कुठं नेऊ?”

“ने.”

पुंजारामानं आपल्या भावाला हाताशी घेऊन त्यांना खुर्चीसकट शाळेत नेलं. पोरं उठून उभी राहिली. नव्या मास्तरांनी अदबीनं रूळ पुढे केला. मार्तंडमास्तरांनी तोंड फिरवलं. “ने.” मग बैलगाडीनं राजूरच्या गणपतीला नेलं. तिथंही दर्शन झाल्याबरोबर तेच.

दिवाळीआधी ते गेले.

अस्थी शहागडला गोदावरीत सोडल्या. घाट चढताना पुंजारामानं विचारलं, “मास्तर लहानपणी हितंच व्हते ना, वैनी?”

“हो. भावाशी बिनसलं, तेव्हापासून वीस वर्षं गावाचं नाव काढलं नाही त्यांनी.”

“मंग हितंच यायचं आसंल त्यांला.”

बाई जागच्या जागी थांबल्या. “माझ्या मनात कसं आलं नाही रे,” एवढंच म्हणाल्या आणि ओल्या पायरीवर बसल्या. मास्तर गेल्यापासून अडून राहिलेलं रडू तिथं फुटलं. पुंजाराम दोन पायऱ्या खाली उतरून, पाठ करून उभा राहिला.