फोटोखालची ओळ

"चपला काढा बाई. आणि हंडा पाण्याला टेकवा. अजून खाली वाका."

माझी आई वाकली. मिठागराच्या कडेचं डबकं ते, हिरवं, घाण वास मारणारं. वसईच्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर आला होता. आम्हाला वाटलं, आता आपल्या विहिरीचं छापून येणार. आमच्या पाड्याची गोड्या पाण्याची एकच विहीर. तिला मोटर लावून बिल्डरचे टँकर आचोळ्याच्या नव्या इमारतींना पाणी नेत होते, आणि आम्ही तळ खरवडत होतो. आईने त्याला सगळं सांगितलं. त्याने विहिरीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"साहेब, आमी हे पानी पीत नाय. गुरं पन तोंड लावत नाय."

"माहितेय हो. नुसतं फोटोपुरतं."

फोटो पहिल्या पानावर आला. खाली ओळ: 'गटाराच्या पाण्यावर तहान भागवणारे अडाणी मिठागर कामगार.' विहीर नाही, टँकर नाही. शेवटचं पान उलटलं तर पानभर त्याच बिल्डरची जाहिरात. चोवीस तास पाणी म्हणे!

मी नववीत होते. मधल्या सुट्टीत पाण्याच्या पिंपाशी गेले.

"ए गटारवाली, तू शेवटी घे."

बाईंनी ऐकलं. ऐकून मलाच म्हणाल्या, "थांब ना जरा. एवढी कसली घाई?"

थांबले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरात पाणी दुहेरी फडक्याने गाळून घेतात हो! कुणाला सांगू? प्रत्येकीच्या घरी तो पेपर जात होता.

शाळा सुटली तशी तडक पेपरच्या कचेरीत गेले. संपादक म्हणजे वसईतला मानाचा माणूस. आणीबाणीत सेन्सॉरने अग्रलेख अडवला, तर त्याने ती जागा कोरी सोडली होती. ते पान भिंतीवर फ्रेम करून लावलेलं. मला त्याने उभंच ठेवलं.

"अगं, तुमच्यासाठीच छापलं ना? लोक हळहळले. बिल्डर शेठ तुम्हाला हंडे वाटणार आहेत."

"आणि आमची विहीर?"

"पोरी, जाहिरातीशिवाय पेपर निघत नाही. काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात."

मी त्या फ्रेमकडे बघत राहिले. सरकारने तोंड दाबलं तेव्हा ह्याने निदान जागा कोरी तरी ठेवली. आमच्या वेळी तेवढंही नाही. आमच्या बातमीच्या जागेवर माझ्या आईला वाकवून उभं केलं.

हंडेवाटपाला स्टेज, हार, माईक. शेठ मधोमध, संपादक शेजारी. मी शिकणारी म्हणून मलाच पुढे ढकललं. "आभाराचे दोन शब्द बोल."

मी माईकसमोर गेले. बोलले.

"माझी आई ते पाणी कधीच प्यायली नाही. तिला वाकायला लावलं. आमचं पाणी ह्या शेठचे टँकर नेतात. आम्हाला हंडा नको. विहीर सोडा."

माईक बंद. कुणीतरी दंड धरून खाली ओढलं. "माजलेत साले!" असं मागून ऐकू आलं. आईच्या हातात हंडा होता. तिने तो सगळ्यांदेखत जमिनीवर ठेवला आणि चालू लागली.

पुढच्या अंकात माझा फोटो. माईकसमोर, तोंड उघडं. खाली ओळ: 'हंडा मिळाल्याबद्दल शेठचे आभार मानताना मिठागरातील विद्यार्थिनी.'

ह्यांना काय म्हणावं? मी ओरडले ते ह्यांनी आभार करून विकलं. संतापाने रडले. सगळी रात्र तळमळत काढली.

नाक्यावर गावचा फळा होता. कुणाची मयत, कुठली सभा, चर्चचा सण, सगळं खडूने त्यावर लिहायचे. सकाळी जाऊन मी त्यावर विहिरीची बातमी लिहिली. टँकर कुणाचे, पाणी कुठे जातं, पेपरने काय दडवलं. दुपारी पुसलेली. पानवाला म्हणाला, शेठची माणसं होती. कुणी लिहिलं म्हणून विचारत होती.

मी पुन्हा लिहिलं. ह्या वेळी खाली माझं नाव लिहिलं, आईचं लिहिलं, पाड्याचं लिहिलं. माझ्या फोटोखाली काय लिहायचं ते ह्यापुढे मी ठरवणार. पुसायचं तर पुसा. विहीर सुटत नाही तोवर मी रोज लिहिणार.