घरचा नमुना चालत नाही

भावाच्या साखरपुड्याला नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका डेअरीतून बासुंदी आणली होती. संध्याकाळपर्यंत घरातली निम्मी माणसं उलट्यांनी आडवी झाली. आई सोडून सगळी सावरली. आईला मधुमेह, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

उरलेली बासुंदी फ्रीजमध्ये होती. ती डब्यात घालून मी अन्न निरीक्षकाकडे गेले. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. साहेबांनी डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

"घरचा नमुना चालत नाही, बाई."

"मग कुठला चालतो?"

"आम्ही दुकानातून घेतलेला. तुम्हालाही घेता येतो, पण विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं, हे तपासणीला नेतेय म्हणून."

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. नव्हता करत. कायदाच तसा होता. आधी चोराला वर्दी द्यायची, मग पकडायला जायचं!

दुसऱ्या दिवशी डेअरीत जाऊन तसं सांगितलं. मालक हसला. "संपली बासुंदी."

त्याच्या पाठीमागे पातेलं काठोकाठ भरलेलं.

"ती ऑर्डरची आहे, ताई. आणि चारचौघांत असं बोलून आमच्या पोटावर पाय देऊ नका."

माझ्या मागे उभं असलेलं गिऱ्हाईक माझ्यावरच खेकसलं, "अहो, घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा!"

साहेब सवडीने डेअरीत गेले. नमुना चांगला निघाला. निघणारच.

आई घरी आली, पण तिची मूत्रपिंडं खालावत गेली. भावाच्या मुलीचं बारसं तिला दिसलं नाही. मधुमेहानेच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना ते सोयीचं होतं.

पुढे काही वर्षांनी अन्नभेसळीचा नवा कायदा येणार म्हणून नाशकात ग्राहकांची सभा झाली. मुंबईहून आलेले अधिकारी म्हणाले, "ग्राहकांनी जागरूक राहिलं पाहिजे."

मी उठले. "जागरूकच होते. डबा घेऊन आले होते."

"आपल्या सूचना लेखी द्या."

"लेखी नाही देत. आत्ता ऐका."

माइक बंद केला त्यांनी. मी बिनमाइकची बोलले, सगळं बोलले. ते घड्याळ बघत राहिले.

कायदा झाला. निरीक्षकाला आता अधिकारी म्हणायचं ठरलं. डेअरीची दुसरी शाखा निघाली, ती नेमकी भावाच्या कॉलनीत. तो तिथूनच दूध आणतो. म्हणतो, जवळ पडतं.

त्याच्या घरी मी चहा घेत नाही.